दोन वेळा जेवण की १६:८? उपाशी तास दिवसाच्या कोणत्या भागात ठेवावेत

इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे खाण्याच्या वेळा ठरवून बाकीचा काळ उपाशी राहणे, रोजच्या जगण्यात बसवू पाहणाऱ्या मराठी माणसापुढे प्रत्यक्षात दोनच मार्ग उरतात. पहिला मार्ग डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून निघालेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून घरोघरी पोहोचवलेला आहे: कडकडून भूक लागण्याच्या आपल्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपायचे आणि अधेमधे काही खायचे नाही. दुसरा मार्ग म्हणजे १६:८, अर्थात दिवसातले सोळा तास उपाशी राहायचे आणि खाणे उरलेल्या आठ तासांत आटोपायचे. आठवड्यातले दोन दिवस पाचशे-सहाशे कॅलरींवर काढण्याची ५:२ पद्धत ब्रिटिश वैद्यकीय पत्रकार मायकेल मोझ्ली यांच्यामुळे २०१२ नंतर ब्रिटनमध्ये गाजली खरी. परंतु ज्या घरात सोमवार, चतुर्थी आणि एकादशी आधीपासूनच पाळल्या जातात, तेथे त्यांत आणखी दोन दिवसांची भर घालण्याचा उत्साह फारसा टिकत नाही, म्हणून ती येथे बाजूला ठेवतो.

दोन्ही मार्गांनी मी पुरेसा काळ राहिलो आहे आणि कमरेच्या पट्ट्याला विचारले तर त्याला दोहोंत फरक जाणवला नाही. वजनाच्या बाबतीत संशोधनही फार मोठे आश्वासन देत नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांच्या कॅलरी कमी केल्या होत्या व त्यांपैकी एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खायचे होते. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा निवड करताना कोणती पद्धत अधिक परिणामकारक, यापेक्षा कोणती आपल्या हातून निभेल, हे पाहणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

दोन जेवणांच्या पद्धतीची मोठी जमेची बाजू अशी, की तिच्यात पळवाट नाही. गोड खायचे असेल तर ते त्या ५५ मिनिटांत जेवणासोबत खावे, इतका तिचा नियम स्वच्छ आहे. मधल्या काळात पाणी, पातळ ताक आणि दूध-साखरेविना चहा चालतो. पहिले काही दिवस गेले की भूकही शहाण्यासारखी ठरल्या वेळी येऊ लागते, आणि दुपारचे जेवण व्यवस्थित झाले असेल तर संध्याकाळपर्यंत पोटाची तक्रार नसते, असा माझा अनुभव आहे.

मला जड गेला तो चहा, आणि तोही पिण्यासाठी नव्हे, तर नाकारण्यासाठी. या पद्धतीतले उपाशी तास नेमके दुपारी चारच्या सुमारास येतात, म्हणजे कार्यालयात सगळे एकत्र उठतात तेव्हा, किंवा कोणाच्या घरी गेल्यावर यजमान विचारण्याच्या भानगडीत न पडता आधण ठेवूनच बाहेर येतात तेव्हा. ‘नको’ म्हटले की ‘अर्धा कप तरी घ्या’ येते. ‘बिनदुधाचा द्या’ म्हटले की त्यांना वेगळे पातेले चढवावे लागते आणि आपल्यालाच संकोच वाटतो. कारण सांगितले की मधुमेह आहे का, कोणी सांगितले, अशक्तपणा येत नाही का, अशी चौकशी सुरू होते. त्यात कोणी गावाहून आणलेला पेढा हातावर ठेवला, की प्रसाद नाकारायचा कसा हा वेगळाच पेच. दोष पद्धतीचा नाही आणि आग्रह करणाऱ्यांचा तर मुळीच नाही, परंतु भुकेपेक्षा हे रोजचे स्पष्टीकरण मला अधिक थकवत असे.

१६:८ मध्ये उपाशी तासांचा मोठा भाग झोपेत जातो आणि उरलेला सकाळी आपल्याच घरात. बारा वाजेपर्यंत कोरा चहा आणि पाणी यांवर राहायचे, याचे नवल घरच्यांना आठवडाभर वाटते व नंतर कोणी विचारत नाही. बारा ते आठ या वेळेत मात्र चारचा चहा, पेढा, हळदीकुंकवाची उसळ असे सगळे बिनबोभाट सामावते. याच सैलपणात धोकाही आहे, हे मान्य करायला हवे: आठ तास मोकळे मिळाले म्हणून शेव, चिवडा, भजी असे एकामागोमाग एक तोंडात जात राहते आणि उपवासाचा हिशेब तिथेच फिटतो. मी दोन जेवणे आणि मध्ये एक चहा एवढाच बेत ठेवतो. म्हणजे पहिल्या पद्धतीची थोडी शिस्त दुसरीत उसनी आणली आहे, असे कोणी म्हटले तर हरकत नाही.

संकष्टीला मात्र दोन जेवणांची पद्धत सरस ठरते. दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि चंद्रोदयानंतर जेवण, असा तो दिवस तिच्यात सहज बसतो, तर चंद्रोदय बहुधा रात्री आठ उलटून गेल्यावरच होत असल्याने १६:८ पाळणाऱ्याला वेळ पुढे सरकवावी लागते. लग्नाच्या स्वागतसमारंभाचेही तसेच. रात्री दहाला जेवण झाले, की दुसऱ्या दिवशी मी दुपारी दोनला पहिला घास घेतो आणि त्यानंतरच्या दिवशी पुन्हा बारावर येतो. यात काही बिघडल्याचे मला तरी जाणवलेले नाही. खाण्याचे तास दिवसाच्या पहिल्या भागात ठेवणे अधिक हितकारक असावे, असे सुचवणारे काही अभ्यास आहेत, परंतु रात्रीचे जेवण हीच घरातील सर्वांची एकत्र बसण्याची वेळ असेल तर ते सोडण्याचा सल्ला देण्यास मी धजावणार नाही.

जे घरूनच काम करतात, ज्यांच्याकडे फारशी ये-जा नाही, किंवा ज्यांचा हात समोर डबा दिसला की थांबत नाही, त्यांनी बहुधा ५५ मिनिटांचाच नियम धरावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कोणत्याही पद्धतीआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी, कारण रिकाम्या पोटी साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सध्या दोन्हींपासून दूर राहिलेले बरे. बाकी ज्यांचा दिवस माणसांत जातो, त्यांनी आधी १६:८ करून पाहावे, आणि सुरुवात एकदम सोळा तासांपासून न करता रात्रीचे जेवण व सकाळचा नाश्ता यांत बारा तासांचे अंतर ठेवण्यापासून करावी.