ज्येष्ठ निवासातले सहा महिने: पितरांपासून येळवशीपर्यंत

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सेलूचं घर बंद करून छत्रपती संभाजीनगरच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका ज्येष्ठ निवासात मी राहायला आले. नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारीही करायच्यात आणि राहायचंही इथंच आहे. वय 71, जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं नोकरी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. खोली कशी, जेवण कसं, हे सगळेच विचारतात, तर खोली हवेशीर, जेवण अळणी पण वेळेवर, आणि सिस्टर सोन्यासारख्या. मला लिहायचंय ते कार्यक्रमांबद्दल. त्यासाठी महिन्याला 900 रुपये वेगळे कापतात आणि माहितीपत्रकाची निम्मी पानं त्याच फोटोंनी भरलेली असतात.

पावसाळा कॅरम आणि खुर्चीवरच्या व्यायामात गेला. महालक्ष्म्या उठल्या आणि ऑफिसबाहेर रंगीत तक्ता लागला. मुक्तिसंग्राम दिन, नवरात्राचे नऊ रंग, दांडिया, 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन, कोजागिरी, आकाशकंदील. कार्यक्रम घेणारी मुलगी पंचविशीतली, माईक हातात आला की "आजी-आजोबा, जोरात टाळ्या!" म्हणणारी. मला उभ्या जन्मात सगळ्यांनी 'बाई' म्हटलं. ही मला पहिल्या दिवसापासून 'गोड आजी' म्हणते. असो.

17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. तळमजल्यावरचे एक आजोबा 1948 साली नऊ वर्षांचे होते. रझाकारांच्या भीतीनं त्यांच्या घरच्यांनी रातोरात बैलगाडी जुंपली आणि निजामाची हद्द ओलांडून बार्शी गाठली. हे सांगायला ते उभे राहिले, गाडीच्या चाकांना आवाज होऊ नये म्हणून काय काय केलं इथपर्यंत आले आणि त्यांच्या हातून माईक गेला, कारण पुढं देशभक्तीपर गीतांची अंताक्षरी होती. संध्याकाळी पारावर त्यांनी ती गोष्ट दीड तास सांगितली. आम्ही अठरा जण होतो. त्या दीड तासाचा एकही फोटो नाही.

तक्त्यावर पितृपंधरवडा नव्हता. ऑफिसचं म्हणणं, वातावरण उदास होईल. पण इथं बहुतेक जण एकेकटे, स्वतःची चूल नाही, आणि प्रत्येकाला कुणाचं तरी पान ठेवायचं होतं. माझ्याकडंच यांचं आणि सासूबाईंचं होतं. स्वयंपाकघरातल्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही फकस्त सामान लिहून द्या." सर्वपित्री अमावास्येला कढी, वडे, तांदळाची खीर, गवार, लाल भोपळा असं सगळं झालं. एकच मोठं ताट वाढलं आणि गच्चीच्या जिन्यापाशी ठेवलं. मग एकेकानं नाव घेतलं. कुणी आई म्हणालं, कुणी "आमचा धाकटा". एका काकांनी तर त्यांच्या बैलाचं नाव घेतलं आणि कुणीही हसलं नाही. कावळा यायला पाऊण तास लागला. आला तो वडा सोडून खिरीलाच शिवला, आणि साखरेच्या गोळ्या खाणारे सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सहा महिन्यांतला सगळ्यात चांगला कार्यक्रम मला विचाराल तर हा. खर्च सामानापुरता.

दुसऱ्याच दिवशी घट बसले. यंदाचा सप्टेंबर अतिवृष्टीनं मराठवाड्याला कसा गेला ते सांगायला नको. माझी खोलीची जोडीदारीण धाराशिव जिल्ह्यातल्या भूमकडची. तिच्या दिराचं सोयाबीन तर गेलंच, वर रानाची माती खरवडून खाली दगड उघडे पडले. ती फोन कानाला लावून बसलेली आणि खाली डीजेवाला बॉक्स लावतोय. "हे काय करू लाल्यात बाई?" एवढंच म्हणाली. आम्ही तिघी ऑफिसात गेलो. उत्तर मिळालं, बुकिंग झालंय. दांडिया झाला. नऊ जण उतरले, त्यातले पाच कर्मचारी. मात्र पुढच्या शनिवारचा दुसरा दांडिया त्यांनी स्वतःहून रद्द केला आणि ते पैसे किराण्याच्या पिशव्यांना दिले, हेही लिहायला हवं.

हस्त लागला तसा बायकांत वेगळाच वाद पेटला. बुलढाण्याकडची म्हणते भुलाबाई, सोलापूरची म्हणते हादगा, पुण्याहून आलेली म्हणते भोंडला. गाणी थोड्याफार फरकानं तीच, पण तो थोडाफार फरकच प्रत्येकीचा जीव! शेवटी पाटावर हत्ती काढला, भोवती खुर्च्या मांडल्या आणि फेर धरायला गुडघे शाबूत असलेल्या दोघींना सगळ्यांच्या वतीनं फिरवलं. खिरापत ओळखणं मात्र फार सोपं झालं, कारण निम्म्यांना दात नाहीत म्हणजे मऊच असणार.

कोजागिरीचं दूध रात्री आठला. शिफ्ट नऊला बदलते म्हणून. आठ वाजता आमच्या अंगणातून चंद्र पाण्याच्या टाकीमागं असतो. टाकीच्या कडेला तेवढा उजेड दिसत होता आणि माईकवरून "चंद्राचं स्वागत करूया" चाललेलं. गच्चीवर लिफ्ट जात नाही, वर 22 पायऱ्या. रखवालदारानं आणि माळ्यानं दोघा-तिघांना खुर्चीसकट उचलून वर नेलं, बाकीचे कठडा धरत चढलो. साडेअकराला पुन्हा दूध गरम केलं, सिस्टरनी साखरवाल्यांचे पेले आधीच वेगळे ठेवले होते. वर गेल्यावर कुणी फारसं बोललंच नाही.

दिवाळीबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. कंदील, रांगोळी, फराळ हे सगळं 12 ऑक्टोबरलाच उरकलं, कारण त्या रविवारी मुलंबाळं भेटायला येणार होती. प्रत्यक्ष दिवाळीत स्वयंपाकी सुटीवर, तक्ता कोरा, आणि जायला जागा नसलेले आम्ही चौदा जण. नरकचतुर्दशीला पहाटे पाचला सगळ्यांनी एकदम नळ सोडले आणि सहाव्याच्या अंगाला उटणं लागलेलं असताना गरम पाणी संपलं. त्यांनी शेवटी गार पाण्यानंच अभ्यंगस्नान केलं आणि दिवसभर ते सगळ्यांना सांगत फिरले. लक्ष्मीपूजन आम्हीच केलं, मुरमुरे-बत्ताशांवर.

सहलींचं थोडक्यात. ऑफिसची पैठणची सहल माणशी 1,100 रुपये होती. आमच्यातल्या एका निवृत्त कंडक्टरांनी हिशेब मांडला: पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट, 65 ते 75 अर्धं तिकीट, बायकांना तसंही अर्धंच. नोव्हेंबरात आम्ही अकरा जण लाल डब्यानं गेलो. नाथांच्या वाड्यात दर्शन घेतलं आणि मग जायकवाडीच्या बांधाकडं. 1976 मध्ये धरणाचं लोकार्पण झालं ते बघायला आमच्यातले दोघं तरुणपणी गेले होते, आणि तेव्हा गर्दीत चपला हरवलेल्या नक्की कुणाच्या, यावर त्यांचं अजून एकमत नाही. 27 दरवाजे मोजले, प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. एवढं मात्र सांगते, एसटीची पहिली पायरी फार उंच. लाकडी पाट सोबत न्या. आम्ही हादग्याचाच नेला होता, हत्तीचा थोडा रंग अजून त्यावर आहे.

आईवडिलांसाठी अशी जागा बघायला जाणार असाल तर तक्ता बघून भुलू नका. लक्ष्मीपूजनाला इथं किती कर्मचारी असतात ते विचारा. स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या मावशींशी बोला. गच्चीवर लिफ्ट जाते का बघा. कार्यक्रम रविवारीच असतात का, तेही विचारा.

मी जूनपर्यंतचे पैसे भरलेत. सध्या जोडीदारणीचं येळवशीचं, म्हणजे रानात जाऊन जेवायच्या वेळ अमावास्येचं, चाललंय. धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावास्येला माणूस रानात नसेल तर त्याला माणूस म्हणत नाहीत, असं तिचं म्हणणं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं लिहून काल ऑफिसात दिलं. मॅनेजरनं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "आजी, आंबील किती लिटर?"