पत्र्याची काळी पेटी : १९ वर्षांच्या वापरानंतर

माझा पुतण्या अग्निवीर म्हणून भरती झाला. त्याला न्यायच्या सामानात काळी ट्रंक आहे. घरात दोन दिवस चर्चा चालली, फायबरची घ्यावी, चाकांची घ्यावी. शेवटी मी माळ्यावरची माझी पेटी खाली काढली, ओसरीवर ठेवली आणि त्याला म्हटलं, ही नीट बघ, मग ठरव. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. पोरगं ट्रेनिंगला निघालेल्या घरांना उपयोग होईल.

पेटी २००६ च्या जूनमध्ये घेतली, बेळगावात, कॅम्पाजवळच्या एका पत्र्याच्या दुकानातून. तीस इंच लांब, अठरा रुंद, बारा उंच. किंमत ४२० रुपये. मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मिरजेवरून आलो होतो. बैलाच्या कासऱ्यासाठीसुद्धा अर्धा तास घासाघीस करणारे आमचे आबा, पण त्या दिवशी दुकानदारानं सांगितले तेवढे पैसे मोजून दिले. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरच्या गेटपर्यंत पेटी त्यांनीच खांद्यावर आणली. संतरीनं त्यांना तिथं थांबवलं. पेटी त्यांच्या खांद्यावरून माझ्या खांद्यावर आली, आणि ते "बरं" एवढंच म्हणाले.

आता पत्र्याबद्दल. पत्रा जाड घ्या. झाकणाच्या मधोमध अंगठ्यानं दाबून पाहा, ते टकटक आत-बाहेर झालं तर घेऊ नका. माझ्या पेटीवर माणसं बसली, बूट घालून उभी राहिली, पेटी ट्रकमधून काश्मीरला गेली, आसामला गेली. एक कोपरा चेमटला, बाकी शाबूत. कोपऱ्यांना वेगळ्या पट्ट्या रिबिटनं मारलेल्या हव्यात. कडी-कोयंडा झाळलेला नको, रिबिटाचाच हवा. आमच्या बराकीत झाळलेले कोयंडे पहिल्या दोन महिन्यांतच निघाले. उंची बारा इंचांपेक्षा जास्त नको, चारपाईखाली जात नाही.

दोष दोन. हँडल बारीक सळईचं आहे, भरलेली पेटी घेऊन फर्लांगभर चाललं की बोटांत रुततं. त्यावर सुतळी गुंडाळा. दुसरा दोष गंजाचा. बेळगावचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. जून ते सप्टेंबर बराकीची फरशी सतत ओली. तळाला आठवड्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवा. बिजागऱ्यांनाही तेल हवं, पण त्याचं कारण वेगळं आहे.

रात्री दिवे बंद झाल्यावर पेटी उघडायची झाली तर बिजागरी किरकिरते आणि अख्खी बराक जागी होते. दिवसभरात पेटी उघडायची सवड नसते. पहाटे उठा, दाढी, फॉलिन (रांगेत उभं राहणं), पीटी, ड्रिल, क्लास, फटिग (अंगमेहनतीची कामं), रोल कॉल. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, रगडा देतात, म्हणजे शिक्षा म्हणून दमवतात, तेव्हा घर आठवत नाही, खरंच आठवत नाही, श्वास घेण्यातच सगळा जीव गुंतलेला असतो. घर आठवतं रात्री, मच्छरदाणी लावल्यावर. माझ्या पेटीच्या बिजागऱ्या तेल पिऊन गप्प होत्या. झाकण वीतभर उचललं की हात आत जायचा.

तळाला आईनं तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला होता, कपड्यांना गंज लागू नये म्हणून. घरच्या चुलीचा धूर त्याला होता. दोन महिन्यांत बूट पॉलिश आणि पितळ चमकवायच्या ब्रासोच्या वासानं तो पार गिळला, तरी नाक अगदी तळाशी नेलं की कोपऱ्यात थोडा सापडायचा. एका किट ले-आउटला, म्हणजे सगळं सामान मांडून तपासणी होते तेव्हा, उस्तादांनी नेमकं ते लुगडं उचललं. "हे काय?" मी म्हटलं, "आईचं आहे, उस्ताद." त्यांनी ते झटकलं, चारी कोपरे जुळवून चौकोनी घडी घातली आणि परत ठेवलं. "असं ठेव. कडा बाहेर दिसता कामा नये." सुभेदारसाहेब मागून येत होते, त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही. त्या उस्तादांचा रगडा आजही माझ्या गुडघ्यांत आहे, आणि ती घडीही मी विसरलेलो नाही.

रंगकामाबद्दल. दुकानासमोरच एक रंगारी बसायचा. त्यानं पांढऱ्या ऑइल पेंटनं नाव लिहिलं, नंबर नंतर मिळतो म्हणून वर जागा सोडली. आबा म्हणाले, गावही लिहा. त्यानं खाली "पुसेगाव" लिहिलं. आठ दिवसांत हुकूम आला: नंबर, रँक, नाव, बाकी काही नको. मी स्वतः काळ्या रंगाचा हात मारला. पण पहिला रंग जाड बसला होता. काळ्याखालून अक्षरं बोटाला लागायची. डिसेंबरात सेवागिरी महाराजांची यात्रा असते आमच्याकडे. नोटांच्या माळांनी रथ झाकून जातो, बैलबाजार भरतो. जन्मापासून एकदाही चुकली नव्हती. त्या रात्री चारपाईवरून हात खाली सोडून मी ती चार अक्षरं कितीदा चाचपली याचा हिशेब नाही. म्हणून सांगतो, रंग चांगला घ्या आणि दोन हात मारून घ्या.

आतला खण मागून बसवून घ्या, पन्नासेक रुपये जास्त लागले तरी चालतील. माझ्या खणात निळी अंतर्देशीय पत्रं राहायची. आईला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि वहिनी लिहायची. म्हैस आटली, विहिरीला पाणी आलं, आबांचा खोकला बरा आहे, पोटभर खात जा. नोव्हेंबरात एक पत्र आलं, अक्षर दादाचं. दादा कधीच पत्र लिहीत नसे, त्यामुळे उघडायला हात धजेना. आत दोनच ओळी होत्या: वहिनीला मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. पुढच्या पत्रात फोटो आला. तो मी झाकणाच्या आतल्या बाजूला फेविकॉलनं चिकटवला. ट्रेनिंग संपून शपथ घेतात त्या कसम परेडपर्यंत, सुट्टी मिळेपर्यंत, त्या पोराला मी फक्त झाकणावर पाहिलं.

तेच पोरगं आता निघालंय. त्याचं ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं, आमच्यापेक्षा कमी. घरी बोलायची सोयही आता आमच्या वेळेपेक्षा बरी आहे. तरी पेटी पत्र्याचीच घ्यायची असं त्यानं ठरवलं, आणि पैसे आबांनी दिले. पंचाहत्तरी ओलांडलीय त्यांनी. किंमत विचारली नाही.

माझी एक चूक त्याला टाळायला सांगितली. फोटो फेविकॉलनं चिकटवू नये. ओल धरते, आणि नंतर काढायला गेलं की चेहऱ्याचा कागद पत्र्यालाच राहतो. माझ्या झाकणावर अजून त्याचं टोपडं आणि एक कान आहे. पत्रा लोखंडाचा आहे, लोहचुंबक धरतो. साताऱ्याहून येताना मी चार बारके चुंबक आणले आणि नव्या पेटीच्या खणात टाकून ठेवले.