मिश्री सोडायचीय: टोल-फ्री फोन की सोडलेली बाई?

दुसऱ्या खेपेला, चौथ्या महिन्यात मी मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड, सोडली. दोन्ही वाटा चालून पाहिल्या. एक तंबाखूच्या पुड्यावर छापलेला, ती सोडायला मदत करणारा फोन, 1800-11-2356. दुसरी आमच्या वरच्या आळीतल्या अक्का. त्यांनी स्वतः तिसऱ्या बाळाच्या वेळी सोडलेली.

का सोडायची ते सांगत बसत नाही. मुंबईतल्या 1217 गरोदर बायकांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. निकोटिनचं च्युइंगम गरोदरपणी डॉक्टर सहसा देत नाहीत, म्हणजे सगळी मदार बोलण्यावर.

फोन फुकट, मराठीतून बोलता येतं, गावात बोभाटा नाही. माहितीच्या बाबतीत अक्का त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. एकदा म्हणाल्या, "सणावाराला एक बोट चालतंय की." नाही चालत.

माझं घोडं अडलं ते परसाकडेपाशी. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही पंधरा वर्षांची सवय. त्यात आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, म्हणजे बघायलाच नको. तलफ यायची पहाटे पाचला, चुलीपाशी, आणि शेजारी सासूबाई काळं बोट दातांवर फिरवत बसलेल्या. दोन खोल्यांच्या घरात, त्यांच्या देखत, "मला संडासला होत नाही" हे फोनवर कोण बोलणार? मला तरी जमलं नाही.

अक्का पाचलाच दारात उभ्या. "चल गं." आधी कोमट पाण्याचा तांब्या, रात्री भिजवलेले मनुके, मग ओढ्यापर्यंत चालणं. पदराच्या गाठीत भाजलेली बडीशेप, तोंडाला चाळा म्हणून. मिश्रीबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. दहा-बारा दिवसांत पोट वळणावर आलं, तेव्हा कुठे डबी त्यांच्या हातात दिली.

यात धोका नाही असं नाही. अक्कांनीच पुन्हा बोट लावलं असतं, तर माझं काय झालं असतं कोण जाणे. आणि दारूची सवय असेल तर दोन्ही बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. ती एकदम तोडणं गरोदरपणी जोखमीचं असतं.

माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. तुमच्या आळीत अशी बाई नसेल तर फोन आहेच, पण घरातून लावू नका. दळण घेऊन जाताना वाटेत लावा. गिरणीच्या दारात नको, फोनवरच्या ताईंना काहीच ऐकू येणार नाही.