सीटी तालुक्याला, की रुग्ण बांबोळीला?

रुग्णालयाच्या खरेदी समितीत सीटी स्कॅन यंत्राचा विषय निघाला की चर्चा लगेच १६ स्लाइस की १२८ (एका फेरीत शरीराचे किती काप टिपणार) यावर जाते. अपघाताच्या रुग्णाला त्याआधीचा प्रश्न नडतो: स्कॅन करायचं कुठे?

पहिला पर्याय, तालुक्याच्या रुग्णालयातच सीटी. काणकोणहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) साठ किलोमीटरच्या वर, त्यामुळे मागणी रास्त वाटते. डोक्याच्या गंभीर दुखापतीत तासाभरात सीटी आणि त्यानंतर तासाभरात लेखी रिपोर्ट, असं ब्रिटनची 'नाइस' मार्गदर्शिका सांगते. पण मेंदूत रक्तस्राव दिसला तर पुढे काय? न्यूरोसर्जन तालुक्याला नसतो, म्हणजे १०८ पुन्हा रस्त्यावर. शिवाय तीन पाळ्यांचे तंत्रज्ञ, एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, रात्रीचं टेलिरिपोर्टिंग, म्हणजे दुसरीकडच्या डॉक्टरने स्कॅन पाहून दिलेला रिपोर्ट. यंत्र एकदाच येतं, माणसं रोज लागतात.

दुसरा पर्याय, ई-फास्ट (अपघाताच्या रुग्णाची झटपट सोनोग्राफी) करून रुग्ण ताबडतोब पुढे पाठवणं. खाटेजवळच पाचेक मिनिटांत पोटातलं किंवा हृदयाभोवतीचं रक्त आणि फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा दिसते. मेंदू दिसत नाही, आतड्याची इजा सहज निसटते. त्यामुळे 'फास्ट निगेटिव्ह' म्हणजे रुग्ण सुखरूप, असं कुणी समजू नये. आणि सोनोग्राफी यंत्राला लागणारी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची) नोंदणी फक्त भिंतीवर टांगून भागत नाही. एका ठिकाणी रात्री मी यंत्र कुलपात पाहिलंय, किल्ली डॉक्टरांबरोबर घरी गेलेली.

संपूर्ण शरीराचं सीटी सरसकट करावं का, हा वाद वेगळा. २०१६ च्या 'रिअ‍ॅक्ट-२' चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून मोठं यंत्र घेतलं की दर्जा वाढला, हे गणित मला पटत नाही.

माझं मत: मडगाव आणि म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयांत (म्हापशाचं लोकांच्या तोंडी अजून आझिलोच) चोवीस तास सीटी हवंच. काणकोण-वाळपईला ई-फास्ट, साधा एक्स-रे, आणि उरलेले पैसे पॅक्सच्या, म्हणजे स्कॅनच्या प्रतिमा एका रुग्णालयातून दुसऱ्यात पाहता येणाऱ्या संगणक प्रणालीच्या, जोडणीवर. एकदा एक रुग्ण दुसऱ्या रुग्णालयातून आला, सीडी चादरीवर ठेवलेली. आमच्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नव्हता. पुन्हा स्कॅन, पुन्हा कॉन्ट्रास्टचं (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायच्या द्रव्याचं) इंजेक्शन, आणि वीसेक मिनिटं गेली ती गेलीच.

म्हणून विक्रेत्याला स्लाइस नंतर विचारा. आधी म्हणा, रात्री अडीच वाजता इथलं स्कॅन बांबोळीच्या पडद्यावर उघडून दाखवा. आम्ही घड्याळ लावून बसतो.