सात दिवसांत गेलेलं गजकर्ण

जागा सांगायला अवघड, आणि त्या अवघडलेपणानेच पुढचं सगळं झालं, तेव्हा आधी जागाच सांगतो. उजव्या मांडीचा आतला भाग, जांघेला लागून. सुरुवातीला नखाएवढा लाल डाग. मग त्याची कड वर आली, मधली कातडी जरा निवळली आणि झाली गोल चकती. गजकर्ण. दिवसा कसंबसं निभायचं, पण रात्री पांघरुणात शिरलं की खाज अशी उठायची की झोपेतच ओरबाडायचो आणि सकाळी नखांत रक्त दिसायचं. डॉक्टरांसमोर पँट उतरवायची लाज वाटत होती. मोबाइलवर एकदा 'जांघेतली खाज' एवढंच शोधलं आणि तेव्हापासून जाहिराती माझ्या मागे लागल्या.

त्यातली एक मनात बसली. 'सात दिवसांत मुळापासून साफ. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर पैसे परत.' खाली माना, कंबरा, मांड्या यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो. ऑर्डर नोंदवल्यावर एका माणसाचा फोनही आला. आवाज अगदी घरच्यासारखा. "दादा, लाजू नका. माझं रोजचंच आहे हे. तुमचं काम सात दिवसांचं."

डबी आली ती पांढरी, फिरकीच्या झाकणाची. वर हिरव्या पानाचं स्टिकर. आत काय आहे, कोणी बनवलं, बॅच नंबर, मुदत कधी संपते, काही म्हणजे काही नाही. विचारलं तर म्हणाला, "वनस्पतींचं आहे, त्याला कसली एक्स्पायरी?" हे मला तेव्हा पटलं. आज लिहिताना कानशिलं गरम होतात.

मलम लावलं. पहिल्या रात्री खाज निम्मी. दुसऱ्या रात्री मी कित्येक दिवसांनी सलग झोपलो. पाचव्या दिवशी लाली गेली, कड बसली. सातव्या दिवशी त्याने फोटो मागितला. मी खुशीत काढून पाठवला, वर धन्यवादही दिले.

डबी संपली. लावायचं थांबलं आणि आठवड्याभरात खाज परत आली, आधीच्या दुप्पट. फोन केला. "आतली घाण बाहेर पडतेय दादा, चांगली खूण आहे. आता मोठा कोर्स घ्या म्हणजे मूळच जळेल." घेतला. मग आणखी एक घेतला. पैसे परत मागावेत हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि त्या धंद्याची खरी मेख तिथेच आहे, जी मला फार उशिरा कळली. पंधराव्या दिवशी माझी मांडी स्वच्छ होती. तक्रार करणार कशाची? रोग उसळला तो हमी संपून गेल्यावर. ती पंधरा दिवसांची मुदत त्या मलमाच्या अंगाला माप घेऊन शिवलेली होती.

असे चार महिने गेले. आता चकती राहिलीच नव्हती. कड पुसट होऊन एक तांबूस, नकाशासारखा पट्टा कमरेपर्यंत चढला होता, मधेमधे पुरळ. मांडीच्या आत जांभळट लाल चरे उमटले होते, पोट सुटल्यावर पडतात तसे. मग एक दिवस बायकोच्या पोटावर नवीकोरी गोल चकती दिसली. तिने डबी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "उद्या सकाळी दोघंही डॉक्टरांकडे. आणि ही पण बरोबर घ्या."

त्वचेच्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो किती दिवस झाले हा नव्हता. "आत्तापर्यंत काय काय लावलंत?" मी डबी टेबलावर ठेवली. त्या काही बोलल्या नाहीत. ब्लेडच्या बोथट कडेने पट्ट्याच्या काठावरचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबून पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली. मलाही पाहू दिलं. फिकट, विटांसारख्या पेशी, आणि त्यांच्यातून आरपार गेलेले फांद्या फुटलेले बारीक धागे. गजकर्ण जिच्यामुळे होतं तीच बुरशी. चार महिने मलम चोपडूनही तिचं काही वाकडं झालेलं नव्हतं.

"डबीवर काही लिहिलेलं नाही, म्हणून प्रयोगशाळेशिवाय मी शपथेवर सांगणार नाही," बाई म्हणाल्या, "पण दोन रात्रींत थांबलेली खाज, पातळ झालेली कातडी आणि हे चरे. यात जबर ताकदीचं स्टेरॉइड असणार." बुरशी शिरली की त्वचा आरडाओरडा करते, लाली, सूज, खाज म्हणजे तोच आरडाओरडा. स्टेरॉइड तेवढा बंद करतं. राखणदाराला गुंगीचं औषध पाजून चोराला घर मोकळं करून दिल्यासारखं. अशा दबलेल्या, रूप बदललेल्या गजकर्णाला वैद्यकात वेगळं नावच आहे, टिनिया इन्कॉग्निटो. म्हणजे वेष पालटून वावरणारं.

स्टेरॉइड म्हणजे विष, असंही घेऊन बसू नका. १९५२ साली हायड्रोकॉर्टिझोनचं मलम त्वचेवर गुण देतं हे प्रसिद्ध झालं आणि एक्झिमावाल्यांचे हाल पुष्कळ कमी झाले. नेमक्या आजाराला, नेमक्या ताकदीचं आणि मोजून दिवस दिलं तर ते औषधच आहे. माझ्या बाबतीत आजार चुकीचा, ताकद अज्ञात, दिवसांना गणती नाही, आणि जागा जांघेची, जिथली कातडी मुळातच पातळ असल्याने औषध जास्त मुरतं.

मी विचारलं, "मग किती दिवस?"

"तीन महिने धरून चला. त्याच्या आत गेलं तर बोनस."

मी म्हटलं, एवढे? तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला. त्वचेच्या वरच्या थरातली पेशी तळाशी तयार होऊन वर येऊन गळून पडायलाच साधारण महिना लागतो. साधं, ताजं, कोणी न बिघडवलेलं गजकर्ण असेल तर बुरशीविरोधी मलमाने २ ते ४ आठवडे, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही आणखी १-२ आठवडे तेच मलम चालू ठेवायचं. मुरुमांच्या औषधाचा फरक दिसायलाच ६ ते ८ आठवडे जातात. पायाच्या अंगठ्याच्या नखात बुरशी गेली असेल तर औषध लागू पडूनही नवं नख पूर्ण यायला १२ ते १८ महिने. खरजेत तर किडे मेल्यावरही २ ते ४ आठवडे खाज टिकू शकते. औषध फुकट गेलं असं वाटून माणूस दुसरं शोधायला लागतो तो त्याच दिवसांत, आणि पांढऱ्या डब्या विकणारे तिथेच उभे असतात.

ते मलम सोडल्यावरचे पहिले दहा दिवस मला आयुष्यभर आठवतील. चड्डीचा शिवणसुद्धा सहन होत नव्हता. पोटात गोळ्या, वरून मलम, दोघांचे टॉवेल वेगळे, आतले कपडे रोज गरम पाण्यात. बायकोची चकती तीन आठवड्यांत गेली. तिने त्या डबीला बोट लावलं नव्हतं. मला साडेतीन महिने लागले. काळपट डाग त्यानंतरही बरेच महिने रेंगाळला. चरे आता पांढरे पडलेत, आणि ते जाणार नाहीत.

परवा तीच जाहिरात पुन्हा समोर आली. आधी-नंतरच्या फोटोंत एक मांडी ओळखीची वाटली. गुडघ्याच्या वर दोन तीळ, एकाखाली एक. माझीच. सातव्या दिवशी पाठवलेली. खाली कोणीतरी विचारलं होतं, 'फोटो खरा आहे का?' आणि त्याने उत्तर दिलं होतं, 'शंभर टक्के खरा, दादा.'