मेडिकल कोडिंग सॉफ्टवेअर, आठ महिन्यांनंतर: सी१८ आणि झेड८५ची गल्लत अजून तशीच

मी मेडिकल कोडर, म्हणजे पेशंटचे चार्ट (उपचारांच्या नोंदी) वाचून विम्याच्या क्लेमसाठी आजारांचे कोड देते. मागच्या मंगळवारी ऑडिटमध्ये माझे तीन चार्ट चुकले. तिन्ही कोलन कॅन्सरचे आणि तिन्हींत चुकीचं मूळ एकच, म्हणून हे लिहायला बसले. चार्ट वाचून कोड सुचवणारं हे सॉफ्टवेअर आमच्या टीमला मिळून आठ महिने झाले. काम पुण्यातून, चार्ट अमेरिकेतले, सगळे आउटपेशंट. आयसीडी-१०-सीएम म्हणजे अमेरिकेतली आजारांच्या कोडची यादी; त्यात सी१८ हा चालू असलेल्या कोलन (मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरचा आणि झेड८५ हा पूर्वी होऊन गेलेल्या कॅन्सरचा. ९५ टक्के कोड बरोबर यायलाच हवेत, हा धाक कायमचा.

पहिला चार्ट. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘हिस्टरी ऑफ कोलन कॅन्सर, राइट हेमिकोलेक्टमी झालेली, आज फोल्फॉक्सचं सातवं सायकल.’ म्हणजे कोलनचा उजवा भाग काढलेला आणि केमो अजून चालू. सॉफ्टवेअरनं ‘हिस्टरी ऑफ’ पिवळं करून झेड८५.०३८ पुढे केला. संध्याकाळची वेळ, अकरा चार्ट बाकी. मी तो स्वीकारला. ही चूक माझीच, ती सॉफ्टवेअरवर ढकलत नाही. पण सॉफ्टवेअरनं तिथे मला अडवायला हवं होतं.

गाठ काढून टाकली तरी त्याच आजारासाठी केमो चालू असेल, तर उपचार संपेपर्यंत कॅन्सर चालूच धरायचा, असं गाइडलाइनमध्ये स्वच्छ लिहिलंय. म्हणजे आधी झेड५१.११ (केमोसाठीची भेट) आणि त्याखाली सी१८.२ (असेंडिंग, म्हणजे कोलनच्या चढत्या भागाचा कॅन्सर), कारण पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये असेंडिंग कोलन असं नाव घेऊन लिहिलेलं होतं. केमोच्या कोडखाली चालू कॅन्सरच नसेल तर विमा कंपनी विचारणारच, की मग केमो कशासाठी दिली? क्लेम परत येतो. आणि त्याचं पत्र सातव्या सायकलनंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातात पडू शकतं. हे डोळ्यांसमोर आलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाकीचे दोन चार्ट नेमके उलटे. त्यातला एकच सांगते: ऑपरेशन २०१४ सालचं, केमो तेव्हाच संपलेली. आता नेहमीच्या तपासणीची कोलोनोस्कोपी झाली आणि आतडं स्वच्छ निघालं. असेसमेंटमध्ये (डॉक्टरांच्या निष्कर्षात) मात्र नुसतं ‘कोलन कॅन्सर’. सॉफ्टवेअरनं लगेच सी१८.९ (कोलन कॅन्सर, नेमकी जागा न दिलेला) दिला. हवे होते झेड०८ (कॅन्सरचे उपचार संपल्यानंतरची तपासणी) आणि झेड८५.०३८. बरा झालेला माणूस कागदावर पुन्हा कॅन्सरचा पेशंट झाला. शिवाय मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजमध्ये (मेडिकेअर या अमेरिकी सरकारी विम्याची खासगी कंपन्यांमार्फत चालणारी योजना) पेशंटच्या आजारांवरून विमा कंपनीला सरकारकडून मिळणारी रक्कम ठरते. सी१८नं ती वाढते, झेड८५नं नाही. म्हणजे आता नसलेल्या आजाराचे सरकारी पैसे.

माझा सगळा राग या एकाच गोष्टीवर आहे. याच सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर डाव्या बाजूला औषधांची यादी असते आणि त्यात ऑक्सालिप्लॅटिन (फोल्फॉक्समधलं एक औषध) शेवटचं कधी दिलं त्याची तारीख असते. शब्द आणि तारीख यांच्यात वीतभर अंतर. तरी सॉफ्टवेअर शब्द वाचतं आणि तारखेकडे बघतही नाही. डॉक्टर ‘हिस्टरी’ म्हणतात तेव्हा त्यांना पेशंटची आजवरची हकीकत सांगायची असते. कोडरच्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ ‘आजार संपला’ असा होतो. हा फरक आम्हाला क्लासमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. मी सपोर्टला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, डॉक्टरांनी नोंद नीट करायला हवी. डॉक्टर नीट लिहीत नाहीत म्हणूनच तर हे सॉफ्टवेअर घेतलं ना!

इथवर लिहून थांबले होते, ‘घेऊ नका’ असंच लिहायचं ठरवून. मग प्रामाणिकपणे मागच्या महिन्याचे चार्ट पुन्हा उघडले आणि मत थोडं बदलावं लागलं.

अ‍ॅनिमियाचं उदाहरण घ्या. पेशंट फक्त अ‍ॅनिमियाच्या उपचारासाठी आलाय आणि तो अ‍ॅनिमिया कॅन्सरमुळे आहे, तर आधी कॅन्सर, मग डी६३.०. केमोमुळे असेल तर क्रम फिरतो: आधी डी६४.८१, मग कॅन्सर आणि टी४५.१एक्स५ए (केमोच्या औषधाचा दुष्परिणाम). यात आमच्याकडचे जुने कोडरही अडखळतात, मीही अडखळले आहे. सॉफ्टवेअरनं महिनाभरात हा क्रम एकदाही चुकवला नाही. कॅन्सरच्या जागेचंही तसंच. नोंदीत नुसतं ‘कोलन’ असलं तरी स्कोपीच्या रिपोर्टच्या आतल्या पानावरचं ‘हेपॅटिक फ्लेक्शर’ (यकृताजवळचं कोलनचं वळण) ते शोधून काढतं आणि सी१८.३ देतं. दमलेल्या दिवशी मी तिथे सी१८.९ टाकून पुढे गेले असते. रेक्टोसिग्मॉइड जंक्शनला (कोलनचा शेवटचा भाग सिग्मॉइड जिथे रेक्टमला जुळतो ती जागा) सी१९च लागतो, सिग्मॉइडचा सी१८.७ नाही, हेही त्याला पक्कं माहीत आहे.

पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं, कारण खर्च माझ्या खिशातून झालाय. एका सीनियरकडून २०२३चं कोड बुक अर्ध्या किमतीत घेतलं होतं. दरवर्षी १ ऑक्टोबरला नवे कोड येतात म्हणून दरवर्षी नवं पुस्तक घेणं मला जमत नाही. सी१८चं पान तेव्हापासून बदललेलं नाही, त्यामुळे कोलन कॅन्सरच्या कोडसाठी ते अजून चालतं. पण १ ऑक्टोबर २०२४ला कोलनमधल्या पॉलिपच्या (आतल्या बाजूच्या छोट्या वाढीच्या) पूर्वेतिहासाच्या झेड८६.०१०चे चार कोड झाले (अ‍ॅडिनोमॅटस, हायपरप्लास्टिक वगैरे वेगळे) आणि ते मी पेन्सिलीनं समासात लिहून घेतले. सॉफ्टवेअरमध्ये असे बदल आपोआप येतात. ही सोय मी मनापासून मानते.

आता कोलनचा प्रत्येक चार्ट मी असा करते: आधी केमोच्या नोंदी, मग ऑपरेशनची तारीख, मग पॅथॉलॉजी, आणि शेवटी सॉफ्टवेअरचा सल्ला. यात चार्टमागे दोन-तीन मिनिटं जास्त जातात. टीम लीडना म्हटलं, ‘मॅम, कोलनचे चार्ट दिवसाला चार कमी द्या.’ त्या म्हणाल्या, ‘अगं, सॉफ्टवेअर आल्यावर टार्गेट वाढायला हवं, तू कमी काय मागतेस?’ मी त्यांना तो सातव्या सायकलचा चार्ट दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि दोन कमी केले.

लायसन्स पुढच्या वर्षासाठी घ्यायचं का, असं आम्हा सगळ्यांना विचारलंय. मी ‘हो’ लिहिलं आणि खाली चौथ्यांदा तीच मागणी केली: ‘हिस्टरी ऑफ’ पिवळं झालं की शेजारी शेवटच्या केमोची तारीख दिसली पाहिजे.