उडपी, मराठी उपाहारगृह, मालवणी की इराणी: आधी घड्याळ बघा

घरातली चार माणसं, दुपारचा एक वाजायला आलाय आणि दादर ते माटुंगा या पट्ट्यात कुठेतरी बसून नीट जेवायचंय. अशा वेळी बहुतेक जण मेन्यूवरून ठरवतात: याला डोसा हवा, तिला मासे हवेत. पण गल्लीतल्या हॉटेलचा भटारखाना दिवसभर सारखा चालत नाही. उडप्याचा तवा सकाळी आणि चहाच्या वेळी रंगात असतो, मालवण्याची चूल दुपारी, आणि इराण्याकडे मजा पाव ताजा असेपर्यंत. भलत्या वेळी गेलात तर हॉटेल तेच, पैसे तेवढेच आणि वडा मात्र गार. म्हणून इथे चारही प्रकार वेळेच्या अंगाने शेजारी शेजारी ठेवले आहेत.

उडपी

डोशाचं पीठ आदल्या संध्याकाळी वाटून रात्रभर आंबवलेलं असतं. सकाळी साडेसात ते दहा या वेळात ते नेमकं फुललेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या उकाड्यात तेच पीठ दुपारपर्यंत आंबट होतं. फ्रिजमध्ये ठेवून ते सांभाळलं, तरी गार पीठ तव्यावर पडलं की तवा थंडावतो आणि डोसा फिकट, मऊ येतो. गर्दीच्या वेळीही हेच होतं. मोठ्या तव्यावर सहा-आठ डोसे एकदम पडतात, मध्ये पाण्याचा हबका आणि झाडू, मग लगेच पुढची खेप. तव्याला परत तापायला वेळच मिळत नाही. डोसा कडकच हवा असेल तर ऑर्डर देतानाच ‘कडक’ सांगा आणि तीन-चार मिनिटं जास्त लागतील हे धरून चाला.

इडली आणि मेदूवडा यांचं गणित वेगळं. इडली वाफेच्या पेटीत एका वेळी बरीच होते, त्यामुळे ती टेबलावर लगेच येते. पण अकरानंतर ती बहुधा आधीच्या खेपेतली असते. वड्याबद्दल वेटरला ‘गरम आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘घाणा आत्ता निघालाय का?’ असं विचारा, म्हणजे तो आत बघून येतो. परत तळलेला वडा बाहेरून गडद तपकिरी आणि आतून कोरडा असतो. सांबारात बुडवून मागवला तर ते खपून जातं. नारळाची चटणी हा सगळ्यात नाजूक भाग. दुपारी तीननंतर, विशेषतः उन्हाळ्यात, आधी बोटावर घेऊन चाखा. किंचित चिकट किंवा आंबूस लागली तर परत करा, कोणी हुज्जत घालत नाही.

जेवणासाठी उडप्याकडे जायचं तर राइस प्लेट घ्या, आणि साडेबारा ते दोनच्या आत. लिमिटेड आणि अनलिमिटेड यातला फरक आधी विचारून घ्या. लिमिटेडमध्ये पुऱ्या किंवा चपात्या मोजून मिळतात आणि भात एकदाच. अनलिमिटेडमध्ये दोघांत एक ताट चालत नाही, आणि ताटात टाकलं तर काही ठिकाणी वेगळा आकार लावतात. म्हाताऱ्या माणसाला किंवा दहा वर्षांच्या मुलाला लिमिटेड भरपूर होते. उडप्याच्या मेन्यूतली पंजाबी आणि चायनीज पानं मात्र शक्यतो उलटून पुढे जा. दोन-तीन प्रकारच्या तयार ग्रेव्ह्यांतून वीस भाज्या निघतात. पनीर मखनी आणि पनीर बटर मसाला यांत फरक शोधायला भिंग लागेल.

माटुंगा ही या प्रकाराची पंढरी. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून माटुंगा स्टेशनजवळ आहे. केळीच्या पानावर जेवण, पण पहिल्या मजल्यावर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी जिना आधी बघून घ्या. सोमवारी बंद. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४० चं, तेही सोमवारी बंद. शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतर फुटपाथवर रांग लागते, म्हणून आठच्या आत पोचा किंवा थेट संध्याकाळी जा. स्टेशनजवळचं राम आश्रय पहाटे उघडतं. पहिल्या लोकलने उतरणाऱ्यांना गरम इडली आणि पहिल्या उताऱ्याची दाट फिल्टर कॉफी तिथे मिळते. एक गोष्ट ध्यानात ठेवा: माटुंग्यातलं सांबार आणि बाकी मुंबईतल्या शेट्टींच्या हॉटेलांतलं गुळचट सांबार या दोन वेगळ्या चवी आहेत. मुलांना गोडसर सांबाराची सवय असेल तर माटुंग्यात नाक मुरडतील.

मराठी उपाहारगृह

इथे जेवायला जाणं हीच बऱ्याचदा चूक ठरते. हे खाण्याचं ठिकाण, म्हणजे सकाळचं किंवा चार ते सातचं. थाळी असते, पण भटारखान्याचा जीव वडे, थालीपीठ, मिसळ यांत.

साबुदाणा वडा कसा ओळखायचा? मोडून बघा. दाणे सुटे आणि पारदर्शक दिसले तर भिजवणूक बरोबर झाली. दाण्याच्या मधोमध पांढरा ठिपका म्हणजे कमी भिजला, तो दाताखाली कचकच लागणार. बोटांना तेल आलं तर तेल पुरेसं तापलेलं नसताना वडा सोडला, किंवा त्यात बटाटा जास्त पडला. पाणी जास्त राहिलं तर वडा तेलात फुटतो, म्हणून घाईच्या दिवशी काही ठिकाणी त्यात पीठ घालून घट्ट करतात आणि मग तो रबरासारखा होतो. गार झाला की दहा मिनिटांत चिवट, त्यामुळे पार्सल घेऊन ठाण्याला न्यायचा विचार सोडा. संकष्टी आणि एकादशीला खप एवढा असतो की वडा पडून राहतच नाही. चव त्याच दिवशी सगळ्यात चांगली, रांग मात्र तितकीच लांब.

थालीपीठ तव्यावर झाकण ठेवून सावकाश होतं, दहा-बारा मिनिटं लागतातच. पाच मिनिटांत आलं तर ते आधी अर्धवट भाजून ठेवलेलं आहे. तसं असलं तर कडा कोरड्या आणि मध्ये ओलसर पिठूळपणा लागतो. मिसळ मागवताना तर्री आणि फरसाण वेगळं सांगा, नाहीतर टेबलावर येईपर्यंत फरसाणाचा लगदा होतो. जास्तीचा रस्सा काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी पैसे घेऊन. आधी विचारायला लाजू नका.

दादरच्या गडकरी चौकातलं आस्वाद १९८६ चं. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत इथल्या मिसळपावाला जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं, आणि तेव्हापासून बाहेरगावचे लोक मिसळीसाठीच येतात. कोल्हापुरी झणका अपेक्षित असेल तर ही मिसळ सौम्य वाटेल. घरात लहान मुलं किंवा पित्ताचा त्रास असणारे असतील तर नेमकी तीच बरी. शिवाजी पार्काच्या बाजूला प्रकाश, साबुदाणा वडा आणि पियुषसाठी. दोन्हीकडे टेबलावर अनोळखी माणसं शेजारी बसतात. चौघांना एकत्रच बसायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, किंवा दुपारी तीन-साडेतीनला.

मालवणी आणि गोमंतकी खानावळ

चौघांत तिघं मासे खाणारे असतील तर निर्णय इथेच लागतो, फक्त जेवण दुपारचं हवं. ससून डॉक आणि भाऊचा धक्का इथला लिलाव भल्या पहाटे होतो. खानावळवाला सकाळीच माल आणतो, बारापर्यंत मासा साफ होऊन मसाला लावून तयार असतो. रात्री नऊला तुमच्या ताटात येणारी सुरमई बहुधा त्याच सकाळची, म्हणजे बारा-चौदा तास बर्फात राहिलेली. वाईट नाही, पण तळलेल्या तुकड्यात फरक कळतो. रात्रीच जायचं असेल तर फ्रायऐवजी तिखलं किंवा कढी घ्या, कोकम आणि नारळात मासा जास्त सावरून घेतला जातो.

मेन्यूत पापलेट, चिंबोरी, मोठी कोळंबी यांच्यापुढे ‘एपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे किंमत आकाराप्रमाणे. बिलावरची भांडणं बहुतेक इथेच होतात. ‘मोठं आणा’ असं म्हणू नका. कोणत्या आकाराचं किती रुपयांना ते विचारून रुपयांत ऑर्डर द्या, आणि जमलं तर मासा आणून दाखवायला सांगा. चांगल्या खानावळीत दाखवतात.

बोंबील फ्राय ही भटारखान्याची परीक्षा. ओल्या बोंबलात पाणी फार असतं. तो उघडून, वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय तळला तर रवा सुटतो आणि आत चिखल होतो. नीट दाबलेला बोंबील कडेने कुरकुरीत आणि ताटात सरळ पडून राहणारा असतो. वाकून लोळत असेल तर समजा की घाई झाली. तो पहिल्यांदा मागवा, आल्या आल्या खा. थाळी नंतर येऊ दे.

थाळीत साधारणपणे एक तळलेला तुकडा, कढी, तिसऱ्या किंवा सुकट, भात, सोलकढी आणि चपाती, भाकरी किंवा वडे. इथे एक बारीक गोष्ट: सुरमई थाळीतल्या कढीत सुरमईच असेल असं नाही, बांगडाही असतो. सोलकढी फिकट गुलाबी आणि एकजीव हवी. वर पाणी आणि खाली नारळाचा साका दिसला तर ती सकाळची आहे. लसूण उग्र लागायला लागतो तोही तास उलटल्यामुळेच.

आता पावसाळा. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. या दिवसांत मिळणारी मोठी सुरमई आणि पापलेट बहुतेक फ्रीझरमधली. तव्यावर ती पाणी सोडते आणि तुकडा स्पंजासारखा लागतो. तेव्हा खाडीतल्या चिंबोऱ्या, सुके बोंबील, जवळा, नाहीतर सरळ कोंबडी-वडे घ्या. श्रावणात दुसरीच अडचण. गिऱ्हाईक निम्म्यावर येतं आणि मालाचा उठाव मंदावतो. त्या महिन्यात बुधवार, शुक्रवार किंवा रविवार गाठा, त्याच दिवशी त्यातल्या त्यात ताजा माल येतो.

दादर पश्चिमेला सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य ही नावं सर्वांना ठाऊक. वांद्रे पूर्वेचं हायवे गोमांतक गुरुवारी बंद असतं, आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी बंद दरवाजासमोर उभं राहतं.

इराणी

पोटभर जेवायला नको, बसायला हवं. सकाळी, किंवा दुपारी पाव परत ताजा येतो तेव्हा, म्हणजे साधारण चारच्या सुमारास. ब्रून पाव कडक असतो, चहात बुडवूनच खायचा. आजोबांना दातांचा त्रास असेल तर बनमस्का सांगा. खिमा-पाव आणि ऑम्लेट ठीक. धोबी तलावचं कयानी १९०४ चं. माटुंग्याचं कूलर १९३२ चं. बॅलार्ड इस्टेटचं १९२३ चं ब्रिटानिया मात्र वेगळं: बेरी पुलाव, फक्त दुपारचं जेवण, रविवारी बंद. तिथे चहा-मस्क्याच्या आशेने संध्याकाळी जाऊ नका.

बिल

साध्या रेस्टॉरंटवर जीएसटी ५ टक्के: हजारावर २५ रुपये केंद्राचे, २५ राज्याचे. नोव्हेंबर २०१७ पासून एसी आणि बिनएसी असा करात भेद नाही. एसी सेक्शनमध्ये जास्त लागतात ते मेन्यूचे दर वेगळे म्हणून. तो एसी सेक्शन पुष्कळदा पोटमाळ्यावर असतो, अरुंद जिन्याने. आईवडिलांना घेऊन चढण्याआधी खाली जागा आहे का ते विचारा. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. बिलावर योजनेचा उल्लेख असून खाली कर लावला असेल तर तो काढायला सांगा. सर्व्हिस चार्जही आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. ‘सर्व्हिस चार्ज काढा’ एवढंच शांतपणे सांगा. बिलावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांकही हवा.

मग त्या चौघांचं काय?

दुपारी एक वाजता, तिघं मासे खाणारे आणि आजी शाकाहारी: मालवणी खानावळ, पण आजींच्या ताटासाठी आधी एक प्रश्न. बटाट्याची किंवा सुरणाची कापं वेगळ्या तव्यावर होतात की माशाच्याच? बऱ्याच ठिकाणी तवा एकच असतो. वेगळा नसेल तर आजींसाठी वरण-भात, उसळ, भाकरी सांगा, तळलेलं काही नको. मुळात एका छपराखाली मासे शिजलेलेच त्यांना चालत नसतील तर माटुंग्याची राइस प्लेट, पण सोमवार नाही ना ते बघून. सगळे शाकाहारी आणि भूक बेताची असेल तर तीनपर्यंत थांबा आणि उपाहारगृहात जा. एक वाजता तिथे थाळी मागवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि रात्री साडेदहानंतर यातलं काहीच धरू नका. तोवर बहुतेक ठिकाणी शेवटची ऑर्डर घेऊन झालेली असते, खुर्च्या टेबलांवर चढायला लागलेल्या असतात. त्या वेळी कोपऱ्यावरच्या शेट्टींच्या परमिट रूमचा फॅमिली सेक्शन उघडा मिळतो. तिथे दाल-राइस किंवा कोळंबी कोळीवाडा मागवा, आणि कोणी पीत असेल तर दारूवर जीएसटी नसून व्हॅट लागतो, तो बिलात वेगळा दिसला पाहिजे.